मांजरेच्या वाळूत नऊशे-सोळाचे टायर

३ मे १९८६, शनिवार

दालमिलवाल्यानं दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली हाय. आजपासून लिहायचं. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. लिहून ठेवलं की माणूस मागं सरत न्हाई.

तर ठरलं. जीपचे सहाशे-सोळा मापाचे टायर काढायचे. मिलिटरीच्या डिस्पोजलमधले, मोडीत काढलेले नऊशे-सोळा बसवायचे, चाकाच्या डिस्कसकट.

मागल्या रविवारी सिंधूला पहिल्या बाळंतपणाला आणायला मल्लापूरला गेलो. मांजरा कोरडी ठक्क, नुसती वाळू. जीप मधोमध बसली. विहीण गौरम्मानं बैल जोडून ओढून काढली आन सगळ्या गावासमोर म्हणली, विहीणबाई, पुढच्या बारीला हा डबा तिकडंच ठेवा, माणसावानी चालत या. मी बी म्हणले, येईन तर जीप तुमच्या दारात लावीन, पोरीला दारातून बसवीन, न्हाईतर येणारच न्हाई. आन फिरले. पोरगी राहिली तिकडंच. ते काय माझ्यामुळं न्हाई. टायरमुळं.

सातवा महिना २४ तारखेला संपतो. आठव्यात पोटुशी बाई नदी ओलांडत न्हाई. नवव्यात पाऊस आला तर नदीच ओलांडू देणार न्हाई. पूल हाय, पण नव्या जिल्ह्याच्या कागदावर. म्हणजे हातात एकवीस दिवस. टायर बदलायला लई झाले तर चार लागतात.

६ मे, मंगळवार

निजामोद्दीनच्या गॅरेजला गेले. आमच्या जीपचं पहिल्यापासून तोच बघतो. म्हणला, भाभी, मोठे टायर कायको? वाळूत उतरताना निम्मी हवा सोडा. टायर पसरतो, गाडी आरामात निघून जाते.

हवा भरून पोट भरणारा माणूस हवा सोडा म्हणून राहिला. उन्हानं डोकं गेलं बिचाऱ्याचं. मी म्हणले, तू टायर आण, अक्कल माझ्याजवळ हाय.

आमचे मालक शिवमूर्ती गप्प होते. जीप तेच चालवतात. गप्प म्हणजे हाव, होकारच.

११ मे, रविवार

टायर आले. काय टायर हायत. एकेक उभा केला तर माझ्या कमरेला लागतो. गल्ली बघायला आली.

बारकी अडचण. जीपला पाच नट, डिस्कला सहा भोकं. निजामोद्दीननं दोनदा मोजली. मी म्हणले एक भोक रिकामं राहिलं तर काय बिघडलं? तो म्हणला, भाभी, चाक आपल्या वाटेनं जाईल, गाडी आपल्या. आता लेथवाल्याकडून डिस्कचा मधला भाग कापून जीपचा वेल्डिंग करायचा. चार दिवस. त्यात त्याचे रोजे चालू झाले, थुंकी बी गिळत न्हाई. मी घाई करायला गेले तर नुसता हात वर करून दाखवतो.

तरी तेरा दिवस हायत. भरपूर.

१४ मे, बुधवार

कंडक्टरनं सिंधूची चिठ्ठी आणून दिली. गावचा हापसा आटला. बाया नदीत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरतात. घागर भरायला अर्धा दिस जातो. लिहिते, आई, एसटीनं ये. काठापर्यंत मी चालत येते.

चालत येते म्हणे. सातव्यात, वाळूतून, असल्या उन्हात. ही अक्कल तिच्या बापाकडून आली.

खाली एक ओळ लिहून खोडली हाय. पायाच्या सुजेबद्दल दिसून राहिलं. खोडलेलं वाचू नये.

उलट निरोप पाठवला: दोनच दिवस कळ काढ. घागर उचलू नको, कळशी उचल.

१८ मे, रविवार

बसले. चारी बसले. खाली स्प्रिंगचे दोन दोन पाटे वाढवले तवा कुठं टायर मडगार्डच्या खाली मावले. जीप अशी उभी राहिली की लातूर जिल्हा झालं ते आज खरं वाटलं. एवढे दिवस आमची जीप तालुक्याचीच दिसत होती.

गंजगोलाईच्या गोल बाजाराला सलग पाच चकरा मारल्या. लोकांना वाटलं मिरवून राहिले. खरं म्हणजे बाहेर पडायला जीप डावीकडं वळतच नव्हती. टायर घासून धूर निघाला. मालक उतरले, चाकाकडं बघितलं, परत बसले, सहावी चक्कर मारली.

उद्या मडगार्ड कापायचं. एका दिवसाचं काम.

२१ मे, बुधवार

तीन दिवस लागले. आता वळते, पण वळायच्या आधी पाच मिनिटं सांगावं लागतं. ब्रेक बी जरा उशिरा ऐकतो.

मालक आज जेवताना बोलले. म्हणले, मल्लापूरच्या काठाला जाणारी एसटी सकाळी सहाला सुटते. एवढंच बोलले आन भाकरी मोडली. मी म्हणले, मला ठाऊक हाय कवा सुटते. मला काय सुचत न्हाई असं न्हाई. पण मी शब्द दिला हाय. आन आता टायर बी बसले. आता एसटीनं गेले तर हे सगळं कशासाठी केलं?

जेवले न्हाई. उन्हानं अन्न जात न्हाई.

२३ मे, शुक्रवार. सकाळचे सहा

निघालो. मालक, मी, आन आडीनडीला निजामोद्दीन. ओटीचं सामान घेतलं. दुपारपर्यंत पोरीला घेऊन परत.

सकाळचे साडेदहा

वाळूत हाय. बसून लिहून राहिले. जीप मधोमध रुतली, मागल्यापेक्षा दोन हात अलीकडंच. टायर जेवढे मोठे तेवढा मोठा खड्डा काढतात. पलीकडं झिऱ्यावरच्या बाया घागरी ठेवून आमच्याकडं बघून राहिल्या. त्यात सिंधू हाय का ते दिसंना. नसू दे, देवा. असली तर चालत येईल.

निजामोद्दीन खाली बसून एकेका टायरची हवा सोडून राहिला. रोजा हाय, घोटभर पाणी न्हाई, शर्ट पाठीला चिकटला. बडबडतो काय ते कळंना. मी विचारलं न्हाई.

अकरा

निघाली. लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. शेवटी मोठा टायर तो मोठा टायर.

दुपारचे तीन, अलीकडच्या काठावर

जीप गौरम्माच्या दारात लावली. शब्द पाळला.

सिंधू बाहेर आली. पाय खांबासारखे सुजले. मला बघून हसली. मग जीपकडं बघितलं.

पायरी तिच्या मांडीला लागत होती. एक पाय वर टाकला, पोट आडवं आलं. पाट आणला. पाटावर पाट ठेवला. मग उखळ पालथं घातलं. त्यावर चढली आन डुगडुगायला लागली. मालक म्हणले, मी उचलतो. गौरम्मा म्हणली, ज्वारीचं पोतं हाय का ते? वरून पडली तर दोघं जातील, उतरवा खाली.

मी म्हणले, सिंधू, एकदा अजून बघ. मी खालून धरते. जरा जोर कर, बाई, जरा.

ती म्हणली, आई, मला भ्या वाटून राहिलं.

कुणी हसलं न्हाई. एवढी माणसं जमली होती, एक जण बी हसलं न्हाई. हसली असती तर भांडता आलं असतं.

गौरम्मा गोठ्याकडं गेली. बैल सोडून आणले. गाडीत कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, वर तीन गोधड्या. सिंधूला बसवलं, गड्याला हाकायला लावलं आन स्वतः तिच्यामागं टेकून बसली.

बैलगाडी पुढं, आमची जीप मागं, पहिल्या गिअरमधी. सगळी नदी अशी ओलांडली. काठावर एसटी उभी होती, त्या दोघी तीत चढल्या. गौरम्मा म्हणली, विहीणबाई, जागा हाय, या. मी म्हणले, मालकांना आन निजामोद्दीनला जीप आवरायची न्हाई. मालक एकटेच आवरतात. पण त्या दोघींसमोर बसायचं माझ्यानं होईना.

२५ मे, रविवार

परवा आम्ही पोचलो तवा दिवे लागले होते. अर्ध्या हवेवर जीप बैलगाडीसारखीच चालते. सिंधू जेवून निजली होती. गौरम्मानं माझ्याच चुलीवर भात टाकला होता, माझ्याच हंड्यातलं पाणी गाळून ठेवलं होतं. त्या आल्या तवा सगळी गल्ली पाण्याच्या टँकरवर होती, कुणी बघितलं न्हाई.

काल सकाळी बाया आल्या. कशानं आणली म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत गौरम्मा म्हणली, आईच्या जीपनं. दारातून दारात. काय टायर हायत, वाळू कळली बी न्हाई.

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी हाव म्हणले.

आज ती माघारी निघाली. मी म्हणले, स्टँडपर्यंत जीप काढायला सांगू का?

म्हणली, न्हाई बाई, मला चढायचं न्हाई.

मग दोघी चालत गेलो.