भूपानंतर वरातीचं गाणं

भोकरदन
१२ जानेवारी २०२५

चि. यशश्रीस,
अ. आ. वि.

फोन उचलत न्हाई म्हणून रुसू नकोस. दिवाळीत कानाला मशीन लावलं, तेव्हापासून फोनवर तुझा आवाज पत्रा घासल्यासारखा येतो. म्हणून हे पत्र.

समोरच्याचं बोलणं कळतं, पण गाणं गेलं. तानपुरा लावला की वाटतं, कुणी डब्यात खडे हलवून राह्यलंय. छत्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि आता दोन महिने काहीच ऐकलं न्हाई.

परवा मात्र गल्लीतून वरात गेली. कानात मशीन नव्हतं, तरी ठेका छातीत घुमला. शेजारची कौसल्या मला आत ओढत होती, हा गोंगाट तुम्हाला सोसायचा न्हाई म्हणून. मी वरात वळेपर्यंत दारातच. गाणं कोणतं, विचारलं तर ती हसायलाच लागली. तू कानात वायरी घालून दिवसभर काय ऐकतेस गं? सविस्तर लिही.

तब्येत जप, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रजनीआत्या


बदनापूर
१९ जानेवारी २०२५

ती. रजनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरातीच्या गाण्याची चौकशी, आणि तीही तू करावी! पत्र दोनदा वाचलं.

मी स्टेशनपासून संशोधन केंद्रापर्यंत चालताना ऐकते. आधी भूपातला ख्याल, त्याला चिकटून कव्वाली, मंग जालन्याच्या पोरांचं रॅप. ठरलेला क्रम असा न्हाई. एकानं कान दमला की दुसऱ्यानं ताजा होतो.

एक सांगू? आठवीत असताना मी वर्गाबाहेर सिनेमाचं गाणं म्हणत होते आणि तू पकडलंस. एक तर हे गा, न्हाईतर ते, म्हणालीस. मी दोन्ही सोडलं. तेव्हापासून ऐकते खूप, गात न्हाई. राग म्हणून लिहीत न्हाई, तू विचारलंस म्हणून सांगितलं.

जालन्यात मशीनवाल्याला भेटून आले. मशीन बोलण्यासाठी लावलेलं असतं म्हणून सूर चिरडतात, गाण्यासाठी वेगळी सेटिंग होते, असं तो म्हणाला. जल्दी जा. कौसल्याकाकूंना विचारून वरातीचं गाणं आणि ते रॅप त्यांच्याच मोबाइलवर पाठवलंय.

रागावलीस तरी आशीर्वाद पाठवत राहा.

तुझी,
यशश्री


भोकरदन
४ फेब्रुवारी २०२५

चि. यशश्रीस,
अ. आ. वि.

जालन्याला जाऊन आले. मशीनवाल्यानं तानपुरा लावला आणि मला रडूच आलं. मशीन टोचून राह्यलंय का, असं तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता. तार सप्तक अजूनही गायबच आहे, पण मधले सूर बराबर येतात.

वरातीचं गाणं अकरा वेळा ऐकलं. म न्हाई, नी न्हाई. अगं, भूपाचेच पाच सूर! चाल बांधणाऱ्याला ते ठाऊक असेल, की आपोआप आले असतील? त्या रॅपमध्ये सूर सापडला न्हाई, पण बोल तबल्याच्या कायद्यासारखे उलटेपालटे फिरतात. हे मी आजवर का ऐकलं न्हाई?

आठवीतलं मला आठवतसुद्धा नव्हतं, त्याचीच जास्त लाज वाटली. चुकलं माझं.

सोळा तारखेला हसनाबादच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. मला गायला सांगून राह्यलेत. भूपाची बंदिश आणि तिच्यातूनच वरातीचं गाणं, असा बेत आहे. पण मंचावर माझा सूर मला कळेल का? तू शेजारी बस. घसरले की हात दाब.

येशीलच, या भरवशावर थांबते.

तुझी,
रजनीआत्या


बदनापूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. रजनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू मध्येच थांबलीस तेव्हा काय झालं, हे बसस्टँडवर विचारलंस. तिथं ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

बंदिशीत दोनदाच घसरलीस, तेवढ्याच वेळा हात दाबला. वरातीच्या गाण्यावर वळलीस आणि तुझा जुना विद्यार्थी रामकिसन ढोलकी घेऊन मंचावर चढला. पाठोपाठ सगळा हॉल गायला लागला. तो आवाज मशीनमध्ये शिरला, तुझा सूर त्यात बुडाला आणि तुला वाटलं, आपण चुकलो. तू बिलकुल चुकली नव्हतीस.

तू मशीन काढलंस, मान खाली घातलीस. लोक गप्प झाले. ढोलकी तेवढी चालू होती. मला ते बघवेना. मी गायला लागले. कसं, ते मलाही न्हाई कळलं. मधेच भूपाची सरगम घेतली, परत गाण्यावर आले. ना हे सोडलं, ना ते.

तुला ऐकू आलं न्हाई, म्हणून लिहून कळवते. शेवटचं कडवं मी एकटीनं गायलं. वरचा सा लागला, आत्या. बराबर लागला.

पुढल्या रविवारी तानपुरा काढून ठेव.

तुझी,
यशश्री