त्या मॅचचे लांब स्टड

प्रिय हेंक,

काल इथे शारजात आपल्या क्लबच्या मॅनेजरने पेपर पुढे केला. "चाचा, तुमचा हॉलंडवाला गेला." चार ओळींची बातमी. शेवटी लिहिलंय, शारजात आला तेव्हाच त्याचा गुडघा संपलेला होता. हे खोटं आहे, आणि ते फक्त मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो.

तू आलास तेव्हा एकोणतीसचा होतास. सतराव्या वर्षी मोठ्या संघात गेलेला, डाव्या बाजूने सुटलास की तिकडे अख्खं स्टेडियम उभं राहायचं म्हणे. मग नव्या ट्रेनरने बाकावर बसवलं. हा मागे येऊन बचाव करत नाही म्हणून. मी विचारलं तर हसलास. "चाचा, मी मागे धावलो तर पुढे कोण जाणार?"

खरंच की रे!

मी पडलो बूट-जर्सी सांभाळणारा रत्नागिरीचा माणूस. फुटबॉल कुठे शिकलो? बुटांचे झिजलेले तळवे बघून जेवढं कळलं तेवढंच.

त्या मॅचला तू बजावलंस, "शॉर्ट स्टड, चाचा. ओन्ली शॉर्ट." बुटाच्या तळव्याच्या खुंट्या आखूडच हव्यात, एवढं सांगून मालिशला गेलास. मी मैदान बघून आलो. माळ्याने भरपूर पाणी मारलेलं. मला वाटलं, पोर घसरेल. लांब स्टड पिळून बसवले. तुला विचारायला काय झालं होतं मला?

आणि तू तरी! बूट चढवताना तळवा बघायचा नाही? एवढा विश्वास कशाला टाकायचा माणसावर?

दहाव्या मिनिटाला तू वळलास. पाय मातीत रुतून राहिला, गुडघा एकटाच वळला.

ऑपरेशन झालं, पण तो वेग काही परत आला नाही. जाताना स्टोअरमध्ये भेटायला आलास. "बॅड ग्रास, चाचा. खलास." मी काय म्हणालो? "हो, गवतच वाईट." जीभ कशी झडली नाही माझी!

बातमीत तुझ्या मुलीचं नाव आहे. तीही हेच वाचणार ना, की बाप संपलेलाच होता, नुसता पैशासाठी वाळवंटात गेला?

म्हणून तुझ्या मुलीसाठी नातीकडून इंग्रजीत सगळं लिहून घेतलंय. लिहिता लिहिता थांबली. "नाना, आर यू शुअर? शी विल हेट यू."

करू दे. पत्र उद्या टपालात पडेल, शब्द देतो. खाली माझा पत्ताही घातलाय. पोरीला चार शिव्या द्यायच्या असतील तर कुठे धाडायच्या ते तिला कळायला हवं.

तुझे बूट राखणारा,
हसनचाचा