तिसऱ्या माणसाची जागा

सोमवार, ३ ऑक्टोबर
लायसन्स गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरने घात केला. लोर्नाने त्याला आधीच फोन केला असणार. पोटची मुलगी, पण ओहायोत बसून माझ्यावर पाळत. म्हणाली, डॅड, पुरे झालं एकटं राहणं, इकडे या. मी म्हणालो, वॉशिंग्टनच्या वाचनालयात सकाळी लहान मुलं माझ्या कवितांची वाट बघतात. ती म्हणाली, महिनाभर आपले आपण जाऊन दाखवा, मग मी एक शब्द बोलणार नाही.
बस बदलत बदलत जायचं तर पोहोचेपर्यंत मुलं घरी. म्हणून आमच्या वुडब्रिजच्या पार्किंगमधली रांग. गाडीत तिघं असल्याशिवाय वेगवान कारपूल लेन मिळत नाही, त्यामुळे एकटे गाडीवाले रांगेतल्या अनोळखी दोघांना फुकट नेतात. सोपं आहे.

बुधवार, ५ ऑक्टोबर
पोहोचलो. मुलं खूश.
रांगेत डेनिस टॉलिव्हर नावाची बाई असते, सरकारी नोकरीतली. तिने न विचारता नियम सांगितले: बसा, पट्टा लावा, गाडीवाला बोलल्याशिवाय बोलू नका, उतरताना थँक यू. एवढी गुप्तता कशासाठी? सातवीत मिस ऑल्सनने खिडकीशी उभं करून कविता म्हणायला लावली, तेव्हापासून गाडीत काय, चर्चमध्येही मला गप्प बसवत नाही.
वाटेत पाहिलं: कारपूल लेनमध्ये एकेकटे लोक बिनदिक्कत घुसलेले. लोकांना शिकवायला हवं. कुणीतरी.

मंगळवार, ११ ऑक्टोबर
रात्री रचलेली कविता आज गाडीत म्हटली:
तिघे असाल तर या डावीकडे,
एकटे असाल तर राहा उजवीकडे;
लेन नव्हे ही कुणाची जहागीर,
माणसे मोजा, मग व्हा हो अधीर.
नियम मोडणाऱ्यांपर्यंत आवाज पोहोचत नाही, म्हणून पाळणाऱ्यांना ऐकवतो. गाडीवाल्याने रेडिओ मोठा केला. बातम्यांची वेळ असेल. तरी दुसऱ्यांदा म्हटली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर
एक गाडी थांबली. वॉशिंग्टन, दोघं चला, असं ओरडून गाडीवाल्याने मला पाहिलं आणि आठवलं म्हणे, आज सुट्टी आहे. टाय लावून सुट्टी?
डेनिस म्हणाली, अहो प्रुइट, तुमच्या पायी आमचीही गाडी जाते, जरा तोंड आवरा की. रांगेतले सगळे बुटांकडे बघत हसले. ही बाई त्यांना काहीतरी सांगते. मी आलो की गप्प होतात.

मंगळवार, १८ ऑक्टोबर
पकडला! शेजारच्या चंदेरी गाडीत मागे एक जण, पुढच्या सीटवर हॅट, काळा चष्मा, मान तसूभर हलत नाही. तिघं भरावेत म्हणून बसवलेला पुतळा. मी काच खाली करून कविता म्हटली. पुतळा ढिम्म. नंबर टिपून तक्रारीच्या फोनवर कळवला. आमच्या गाडीवाल्याने मला उतरवताना थँक यूसुद्धा ऐकून घेतलं नाही.

बुधवार, १९ ऑक्टोबर
तीच चंदेरी गाडी रांगेशी येऊन थांबली. पुतळ्याने काच खाली केली आणि विचारलं, काल ओरडणारा म्हातारा तो कुठला? म्हणे गाडीवाल्याचे वडील. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मान हलवायला बंदी. डेनिसने बोट दाखवलं, तेही दोन्ही हातांनी.
बनाव चांगला जमवला होता.

मंगळवार, २५ ऑक्टोबर
काल कुणी थांबलं नाही. आजही. म्हणजे थांबतात, पण मी पुढे झालो की काचा वर. ऊन येईपर्यंत उभा राहिलो, मग चालत घरी.
लोर्नाचा फोन. सांगितलं, आज मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, डॅड, मी वाचनालयात फोन केला होता.
पाळत म्हणतो ती हीच.

सोमवार, ३१ ऑक्टोबर
लोर्ना आली. सामान डिकीत. ओहायोला निघण्याआधी मुलांचा निरोप घ्यायचा, एवढं कबूल करून घेतलं. आम्ही दोघंच, तिसरं माणूस हवं. ती म्हणाली, रांगेतून एक घेऊ, वेळेत पोहोचू. मी पुढे बसलेलो.
रांगेपाशी तिने हाक दिली, वॉशिंग्टन, एक जण. डेनिस पहिलीच होती. तिने वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, नको, मला घाई नाही. तिच्या मागच्यालाही नव्हती. त्याच्या मागच्यालाही.
लोर्ना म्हणाली, डॅड, काय केलंत तुम्ही या लोकांना?
मी म्हणालो, शिकवलं.
उजव्या लेनला लागलो. शेजारून कारपूल लेन भराभर निघून गेली. पोहोचलो तेव्हा मुलं घरी गेली होती.