बांध घालून राह्यलो

मोहदरी, ता. राळेगाव
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय शाल्मली,

हातात मोबाईल असताना ही बाई पत्र का लिहिते, म्हणून तू पाकीट उलटसुलट करून पाहशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. माझं एक वाक्य होतं न होतं तोच तुला मीटिंगची हाक येते. तेव्हा चहा घेऊन बस आणि हे शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबर. यंदा बोंडअळीने कापसाची पऱ्हाटी पार खाल्ली. बोंड बाहेरून टपोरं, फोडलं की आत गुलाबी अळी. लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. माझ्या वर्गातली बरीच मुलं आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेली आहेत, आणि उरलेल्यांना शिकवताना माझंच लक्ष लागत नाही. विहिरी दिवाळीनंतर लवकरच तळ गाठतात, त्यामुळे इथे कापसाशिवाय दुसरं काही घेता येत नाही, आणि कापसाची ही तऱ्हा. नाल्याचं पाणी अडलं तर खालच्या शेतांत हरभरा होईल, घरं कापसाच्या एकट्या भरवशावर राहणार नाहीत. म्हणून तर तू येणार म्हटल्यावर गाव हरखलं होतं.

तुझं काम मी त्यांना माझ्या मास्तरकी पद्धतीने सांगून ठेवलं होतं. श्रीमंत देशांनी इतकी वर्षं धूर ओकला, ऋतू बिघडले. आता त्याची झळ ज्यांना लागते त्यांच्यासाठी जगात पैसा निघतो. पण तो आपोआप दारात येत नाही. सरकारला तो मागावा लागतो, कुठे आणि कशाला हवा ते पटवावं लागतं, आणि खर्च झाल्यावर काम दाखवावं लागतं. या सगळ्यात सरकारला मदत करायला माझी लहानपणची मैत्रीण, आमची शाल्मली. आमचे उपसरपंच मारोतीभाऊ यावर म्हणाले, म्हणजे ही आभाळाची नुकसानभरपाई झाली. मी म्हटलं, तसंच समजा.

नेमकी तू आलीस त्या दिवशी मला नेरला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. परत आले तर गावभर तुझंच कौतुक. पोरगी सतरंजीवर बसली, ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागितला. नाल्यावर दगडांचे बांध घालणाऱ्या बायांची पुढारी कांताबाई, तिने तुला वरचा बांध दाखवला म्हणे. मला बरं वाटलं. मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू.

तुला आठवतं, दहावीनंतर पुण्याला गेलीस तेव्हाचं तुझं पहिलं पत्र? वसतिगृहात तू सहज म्हणालीस, “मी जेवून राह्यली,” आणि खोलीतल्या मुलींनी विचारलं, जेवलीस ते कळलं, पण राहिलीस कुठे? तू ताटावर बसलेली, घास हातात, आणि त्या तुझं जेवण आटोपलं असं समजून हसत होत्या. दिवाळीला घरी आलीस ती “मी जेवतेय” म्हणत. मी तुला खूप चिडवलं. रात्री मात्र आईला म्हटलं की शाल्मली पाहुण्यासारखी बोलते, आणि मला रडू आलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या प्रस्तावाचा मसुदा गेल्या आठवड्यात ग्रामसभेत वाचायला आला. वाचणार कोण, तर मास्तरीणबाई. आमच्या गावाच्या नावापुढे लिहिलं होतं: “ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार नाल्यावरील बांधांचे काम पूर्ण झाले आहे. सबब गाव वगळावे.” मी ते दोनदा वाचलं. जे आधीच झालं त्याला हा पैसा मिळत नाही, हे तूच मला एकदा समजावलं होतंस, आणि नियम म्हणून ते मला पटलंही होतं. पण झालं कुठे? वरचा एक बांध तेवढा पुरा. नाल्याच्या वळणापलीकडचे सगळे अर्धे, आणि तेही दर पावसाळ्यात वाहून जातात. पुन्हा दगड, पुन्हा बाया.

सगळ्या माना कांताबाईकडे वळल्या, कारण तुझ्याशी बोलली ती. कोणी म्हणालं, हिनेच मोठेपणा मारला असेल. ती बिचारी गोरीमोरी झाली. मारोतीभाऊंनी विचारलं, “तू नेमकं काय सांगतलं तिले?”

“मी कायले खोटं बोलू? मी म्हनलं, आमी बांध घालून राह्यलो.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या वऱ्हाडात घालून राह्यलो म्हणजे घालतो आहोत, काम चालू आहे. तू ऐकलंस ते पुण्याच्या कानांनी: घातले, आणि झाले मोकळे. शाल्मली, तुझ्या खोलीतल्या मुलींनी तुझ्या जेवणाचं जे केलं, तेच तू आमच्या बांधांचं केलंस.

मी हे सभेत फोडून सांगितलं तेव्हा आधी हशा पिकला. मग राग आला. मी तिथेच म्हटलं की लेखी हरकत घेऊ, बोलीचा अर्थ लावून देऊ, गाव पुन्हा यादीत येईल. अंगठे द्यायला माणसं उठलीसुद्धा. तेव्हा कांताबाई मधे आली. मघाशी जिला सगळ्यांनी धारेवर धरलं होतं, तीच.

“पोरगी आपल्या जिल्ह्याची हाय. साहेबायनं तिले आपल्या लोकायची बोली येते म्हनून धाडलं. आता तिलेच ते समजली नाई असं कागदावर गेलं, त कोन ठेवन तिले कामावर? राहू द्या.”

मी भांडले. म्हटलं, तिची नोकरी मोठी की तुमचं पाणी? अंगठे द्यायला उठलेली माणसं एकेक करून खाली बसली. हरकत घ्यायची नाही, असा ठराव झाला, आणि मला कोणालाही काही कळवू नका म्हणून बजावलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय? दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा नाल्यावर दगड उचलत होत्या आणि मला शाळेत फळ्यावर एक अक्षर नीट काढता येत नव्हतं.

त्यांना दिलेला शब्द मोडून मी हे लिहिते आहे. यादी महिनाअखेर दिल्लीला जाते, त्याआधी ती तूच दुरुस्त करू शकतेस. त्यासाठी साहेबांपुढे तुला म्हणावं लागेल की माझ्या जिल्ह्याची बोली मला कळली नाही. ते तुला जड जाईल, कदाचित महागात पडेल, आणि मला त्याची भीती वाटते. तुझं वाईट मी कधी चिंतलं नाही. पण ज्या बायांना तू एकदाच भेटलीस, त्यांनी तुझं काम टिकावं म्हणून आपल्या हक्काच्या पाण्यावर पाणी सोडलं, आणि तुला त्याचा पत्ताही नाही, हे मला सहन होईना. आता तुला माहीत आहे.

जराशी रागावलेली, तरी तुझीच,
भैरवी