बाबांच्या घराचं छप्पर राहिलं

प्रिय ताई,

डबा डबा काय लावलंयस, कॉम्प्युटर म्हण की. स्वतः यायचं सोडून डबा पाठवून मोकळा झालास, हे तू मला चौथ्यांदा ऐकवलंस. आधीच्या तीन वेळा मी भांडलो. परवा मात्र फोन ठेवून दिला, कारण पुढे तू म्हणालीस की बाबांनी जाता जाता तोही मोडून ठेवला, आता भंगारवाल्याला देऊन टाकू. त्यावर मला जे बोलायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय. माझं अक्षर सातवीत शाळा सोडली तिथेच बसलंय, सांभाळून घे.

इथे आमचं काम म्हणजे लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडायचे, धूळ उडवायची, जे जगतील ते जगवायचे. दिवसाला चौदा-पंधरा होतात. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. फार जुन्या मशीनवर आम्ही विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनला झेपतं. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. तू म्हणायचीस ना, या भिंगरीचा पाय एका जागी ठरत नाही. पण त्या बाकड्यासमोर ठरला बघ. बाबा परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं, तेव्हा माझ्याकडे पाठवायला दुसरं काही नव्हतं. मुकादमाच्या हातापाया पडून एक मशीन पगारातून कापून घेतलं. त्यात स्क्रीनवर चित्र उमटवणारं जुनंच एक ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि विटा रचून घरं बांधायचा एक खेळ घालून दिला.

पहिल्या दिवशी बाबांनी फोन करून मलाच झापलं. म्हणाले, अरे खालची वीट काढली तरी वरची हवेत राहते, हा कुठल्या गाढवाने केलाय खेळ. ओळंबा नाही, माल कालवायचा नाही, हे काय बांधकाम म्हणायचं. पण आठवड्याने सूर बदलला. एका सांध्यावर दुसरा सांधा आला की भिंत फुटते म्हणून प्रत्येक थराला अर्धी वीट सरकवून लावायचे. खेळात भिंत फुटत नाही, मी दहादा सांगितलं. म्हणाले, तुझ्या खेळात फुटत नसेल, माझ्या भिंतीत फुटते. आई शेजारी बसून खिडक्या कुठे हव्यात ते सांगायची. तुला वेगळी खोली, मला दाराजवळची, म्हणजे पळून जायला सोपी. जन्मभर लोकांची घरं बांधली, आता आपलं, असं ते हसत म्हणायचे. मी ते हसण्यावारी न्यायचो.

आता नीट वाच. कार्ड चालवायला मशीनमध्ये ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. नवा ड्रायव्हर आला की जुन्या कार्डांना तो ओळखच देत नाही. म्हणून जुन्या कार्डाला जुनाच ड्रायव्हर ठेवायचा आणि तो आपोआप बदलू नये म्हणून मशीनला तसं सांगून ठेवायचं. आम्ही त्याला कुलूप म्हणतो. माझ्या बाकड्यावर कागद चिकटवलाय, आधी कुलूप मग पॅकिंग. बाबांच्या मशीनला मी कुलूप घातलं नाही. सामानाची गाडी सुटत होती, गडबडीत राहिलं. वर शहाणपणा असा की घरच्यांना त्रास नको म्हणून सगळे अपडेट आपोआप व्हावेत अशी सोय करून ठेवली.

त्या दुपारी बाबांचा फोन आला, स्क्रीन काळी झाली रे. मुकादम माझ्या डोक्यावर उभा होता. मी विचारलं, काय दाबलंत. म्हणाले, काही नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, दाबलं असेल काहीतरी. मी काय बोललो ते तू ऐकलंयस, फोन स्पीकरवर होता. विटा लावायच्या तर गुमान विटा लावा, नको तिथे बोटं कशाला घालता. मागून तूही म्हणालीस, मी सांगतच होते. तुला दोष देत नाही. माझा शब्द खरा मानूनच तू बोललीस.

तिसऱ्या दिवशी तसलंच कार्ड असलेलं मशीन माझ्या बाकड्यावर आलं. अपडेट झालेलं, स्क्रीन काळी. बघताक्षणी कळलं. बाबांनी काही केलंच नव्हतं. उपाय दहा मिनिटांचा होता, तू फोन कानाला लावून केला असतास. पण तो सांगायचा तर आधी चूक कुणाची ते सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू. मग आईला म्हटलं, सुट्टीत येईन तेव्हा बघतो. सहा आठवडे असेच गेले ताई, आणि मग बाबाच गेले. तोवर त्यांनी एकदाही विचारलं नाही. आई सांगते, रोज उशीला टेकून बसायचे, माउसवर हात ठेवायचे, हलवायचे मात्र नाहीत. आणखी काही मोडेल म्हणून.

तर मशीन भंगारात देऊ नकोस. चालू केल्या केल्या शिफ्टचं बटण दाबून धर. एक यादी येईल, तिच्यातली दुसरी ओळ निवड, मग आत अपडेटच्या आधीची जुनी नावं दिसतील, त्यातलं सगळ्यात खालचं घे. खेळ उघडेल. आईला शेजारी बसव आणि घर दाखव. छप्पर राहिलंय, ते तसंच राहू दे, कुणी पुरं करू नका. आणि आईला स्पष्ट शब्दांत सांग की बाबांनी काही मोडलं नव्हतं, तुझ्या पोराने मोडलं आणि गप्प बसला. मी सांगायला हवं, माहीत आहे. फोनवर तिचा आवाज ऐकला की माझं अवसान जातं. आणखी एक गोष्ट आहे, ती आईलाही ठाऊक नाही आणि ती सांगायलाच हे सगळं लिहायला बसलो. स्क्रीन गेल्यावर आठवड्याने बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या हातून मला पैसे पाठवले. निरोप होता, माझ्या हातून मोडलंय, दुरुस्तीला ठेव, घरात बोलू नको. कुठून आणले ते विचारायची मला हिंमत झाली नाही. मिळाले एवढंच कळवलं. त्यातून मी बूट घेतले, उरलेले खाण्यात गेले. आज पगार झाला. तुझ्या नावावर आईसाठी तेवढेच परत पाठवतोय, एक कमी नाही, एक जास्त नाही. अठराशे पन्नास.

तुझाच,
भिंगरी