शिवणखोलीतला बोलका आरसा

धार, १२ जानेवारी २०२५

चि. कृतिकास सगुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. त्या तापात कान गेले ते गेलेच. कानातलं यंत्र नुसतं घरघरतं. ब्लाउज शिवायला कान लागत नाहीत, पण बाया घंटी दाबून परत जातात. आत आल्या तरी काय हवंय ते ओठांवरून ओळखावं लागतं. परवा पाण्याची मोटर चालू राहिली आणि गल्लीभर पाणी झालं. तुझ्या बाबांच्या कानावर ते गेलंच. नीलकंठ इथे येऊन कागदावर लिहून बजावून गेला, की रंगपंचमीआधी शिवणखोली बंद आणि मुक्काम देवासला.

तुमच्याकडे मला काही कमी पडणार नाही. पण सकाळी उठून करू काय? हे गेल्यावर या मशीनच्या जोरावरच मी उभी राहिले. तू कारखान्यात एवढे विजेचे पॅनेल दुरुस्त करतेस, दारावर कोणी आलंय ते मला कळेल असं काही कर. उत्तर मराठीतच हवं. शाळा हिंदी होती ही सबब चालायची नाही.

माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तुझी सगुणाआत्या

देवास, ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस कृतिकाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्यासाठी आरसा बनवते आहे. जुना मॉनिटर, त्याच्यापुढे एका बाजूने आरपार दिसणारी काच आणि मागे हाताच्या पंजाएवढा कंप्यूटर. दारावर कोणी आलं की आरशात त्याचा चेहरा दिसेल आणि वरचा दिवा लुकलुकेल. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. समोरचा माणूस बोलेल ते आरशात अक्षरांत उमटेल. कॅमेरा फक्त बाहेर, दारावर. आत बाया माप द्यायला येतात हे मी विसरले नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. बाबांना हौसेने बोलावलं, तर त्यांना फक्त स्वतःच्या मिशा दिसल्या. म्हणाले, असा आरसा बाजारात तयार मिळतो. मागून उजेड शिरत होता. काळा कागद लावला, तेव्हा अक्षरं उमटली. पण बाबांना अजून भरवसा नाही. येत्या रविवारी आरसा घेऊन येते.

आईने शुद्धलेखन तपासलंय, तरी चुकलं तर कान धरा.
तुमची लाडकी कृतिका

धार, ५ मार्च २०२५

चि. कृतिकास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू खिडकीसमोर लावलास तो आरसा उन्हात कोराच दिसायचा. सुताराला बोलावून खिडकीलगतच्या भिंतीवर घेतला, आता लख्ख दिसतं. आपलं मराठी, हिंदी, माळवी एकत्र आलं की मात्र तो गोंधळतो. एक बाई बाँह, म्हणजे बाही, छोटी करा म्हणाली, तर आरशात आलं, भाई छोटा करा. आम्ही दोघी हसून हसून बेजार.

काल मी एका नवरीला ब्लाउज घालून बघत होते. दिवा लुकलुकला आणि तिच्या खांद्यावर आरशात तुझ्या बाबांचा चेहरा. न कळवता मला न्यायला आला होता, सोबत रिकामी बॅग. मी दार किलकिलं करून त्याला ओट्यावर बसवलं, नवरीचं माप चाललंय म्हणून. घंटी मला कळली यावर त्याचा विश्वासच बसेना. बाहेर बसल्या बसल्या त्याने पुन्हा घंटी दाबली. मी पुन्हा दार उघडलं आणि दम भरला.

नवरी गेल्यावर तो आत आला. मी मोटर सुरू केली, टाकी भरली, ती आपली आपण बंद झाली. मग नीलकंठ आरशासमोर येऊन उभा राहिला. एरवी मला सांगायचं तर तो कागदावर लिहायचा, ओरडायचा, मग कंटाळून गप्प बसायचा. काल तो हळू आवाजात बोलला असावा, कारण ओठ जेमतेम हलले. अक्षरं एकेक करून आली:

"जिजी, तुम्हाला न्यायला आलो होतो. आता नाही नेत."

आजारपणानंतर माझ्या भावाचं बोललेलं पुरं वाक्य मला पहिल्यांदा मिळालं. मग आम्ही दिवे लागेपर्यंत बोललो, कृतिका. तो आरशाकडे तोंड करून, मी आरशातल्या त्याच्याकडे बघत.

बॅग त्याने इथेच ठेवली आहे. तिच्यात मी लग्नाचे शिवलेले ब्लाउज भरलेत. उद्या नवरीकडे पोचवायचे आहेत.

तुझ्यावर जीव होताच, आता तुझा अभिमानही वाटतो.
तुझी सगुणाआत्या