केवळरामच्या गाडीची किक

मी गोकुळा केवळराम भानारकर, धंदा मासोळी विकणे, राहणार मौजा पाथरटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. ताप नाई, कोणाचा धाक नाई. शाळा चौथीपर्यंत झाली. चुका काढत बसू नये.

१. राहतं घर मुलगी पायल हिला. घराच्या कागदावर जावयाचं नाव चढवू नये. माणूस चांगला आहे, कागदाबाहेरच चांगला राहील.

२. डोंगा, जाळी आणि बाजारातला काटा मुलगा अमर याला. काटा सरळ आहे. शेजारची रुखमा उगाच बोंबलते. हे कलम तिला मोठ्यानं वाचून दाखवावं.

३. पोत्यातलं डुप्लिकेट सामान खुशाल मिस्त्रीला परत द्यावं. त्यानंच आमच्या गाडीसाठी विकलं. जे लागलंच नाई ते पोत्यात आहे, जे ठोकून लावलं ते गाडीवर. ब्रेकचा पायडल सायलेन्सरले घासे. साईडचं झाकण लागेच ना, मी सुतळीनं बांधलं. किक सटकून नडगीवर बसे. विचारलं तर म्हणे, "बाई, चालवता चालवता आपोआप बसते."

४. गाडी कोणालाच नाई. कारण लिहिते.

जंगलाच्या रस्त्यावर माणूस मरते तिथी येणारा-जाणारा हिरवी फांदी टाकते. तिथलं काही उचलत नाई. हे आमच्याकडे लेकरालेबी समजते. कुसुम झाडाजवळच्या वळणावर एक परका गाडीवाला मेला होता. त्याची गाडी पोलिसांनी नेली, निखळलेली किक फांद्यांत राहिली. माझ्या नवऱ्यानं ती घरी आणली.

"अजी, ठेवून या तिथी," मी म्हटलं.

"काऊन? ओरिजनल आहे. फांद्या खाणार का तिले?"

लावली तशी बसली. ठोकावं लागलं नाई. मग बाकीचंही बसत गेलं. पायडल घासायचा थांबला. टाकीखालची फट बुजली. कोणी हात लावला नव्हता. केवळराम खुश. "पाह्य, बसलं का नाई?" म्हणून गावाले दाखवे.

त्याच वळणावर त्याचा जीव गेला. गाडी स्टँडवर नीट उभी, एक ओरखडा नाई, तोंड गावाकडे. हा फांद्यांच्या ढिगात निजलेला. अंगावर ताजा पाला. आमच्याआधी त्या रस्त्यानं कोणी गेलं नव्हतं.

किक काढायले खुशालले बोलावलं. घामाघूम झाला. "बाई, याले जोडच नाई. सारं एक लोखंड झालं." मजुरी न मागता गेला. त्याच्या जन्मात पहिल्यांदा.

एक साईडचं झाकण तेवढं बसत नव्हतं. ते ढिलं आहे तोवर भ्याव नाई, असं मी मनात धरलं होतं. आज सकाळी पाहिलं तर झाकण बसलेलं, नखही आत जात नाई. सुतळी खाली पडली होती. गाठ तशीच, न सुटलेली.

आणि अमरचा फोन. "आई, उद्या बसनं येतो. गाडी चंद्रपूरले नेतो. खुशालभाऊ म्हणते, एकदम फिट आहे."

"हात लावू नको तिले."

"तूबी ना आई."

गावातून चंद्रपूरले निघायचं तर तेच वळण लागते. पोरगा बापावर गेला, ऐकणार नाई. म्हणून आज मीच गाडी तिथी ठेवून येते. चालू करणार नाई, ढकलत नेईन. चावी रुखमाजवळ दिली. गाडीवर फांदी टाकीन आणि पायी घरी येईन.

५. मी पायी आली तर हा कागद चुलीत घालावा आणि माझ्यासाठी भात टाकावा.

गाडीवर बसून आली तर दार उघडू नये. मी किती हाका मारल्या, अमरचं नाव घेऊन रडली, तरी उघडू नये. अमर आला असला तर त्याले आत धरून ठेवावं.

लिहिलं ते वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही: गोकुळा केवळराम भानारकर

गोकुळानं आमच्या डोळ्यासमोर सही केली व ती गाडी ढकलत निघाली. गाडी बंद होती. चावी आमच्यापाशी आहे.

साक्षीदार:
१) रुखमाबाई पोचू मांदाळे (डाव्या हाताचा अंगठा). काट्याचं मला मंजूर नाई.
२) देवानंद मुखरू शेंडे (सही)

मुक्काम पाथरटोला, दिनांक १२ नोव्हेंबर २०२४